सोलापूरहून वासोटा : मुले आणि ज्येष्ठांसह जाताना वाट, वेळ आणि वन्यप्राणी यांबाबत मार्गदर्शन हवे

होटगीरोड यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सोसायटीतील चार कुटुंबांचा नाताळच्या सुट्टीत कोयना अभयारण्यातील वासोटा किल्ल्यावर जाण्याचा विचार आहे. गटात आठ ते पंधरा वर्षांची मुले आहेत, आम्ही चाळिशीतली मंडळी आहोत आणि माझ्या सासूबाईही येऊ इच्छितात. त्यांचे वय चौसष्ट असून त्यांना मधुमेह आहे, परंतु त्या कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत जाणाऱ्यांपैकी असल्यामुळे चालण्याची सवय त्यांना आमच्यापेक्षा जास्तच आहे.

आजवर जंगल म्हणून आम्ही नान्नजचे माळरान पाहिले आहे आणि डोंगर म्हणून सिंहगड, तोही बराचसा गाडीने. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गवे आणि अस्वले आहेत, तेव्हा मुलांना नेऊ नका, असे एका नातेवाइकांनी बजावले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की हंगामात सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी असते की ससाही दिसत नाही. या दोन टोकांच्या मध्ये खरे काय आहे, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. परवानगी कशी मिळते, दिवसाची आखणी कशी करावी, प्राणी समोर आल्यास नेमके काय करावे आणि सासूबाईंना न्यावे की नाही, एवढे चार प्रश्न आहेत. सविस्तर उत्तरे मिळाल्यास आभारी राहीन.

कोयनाकाठ यांचे उत्तर

माझे आजोळ जावळीच्या खोऱ्यातले. कोयनेच्या पाण्याखाली जुने गाव गेल्यावर मामांची मंडळी वरच्या अंगाला बामणोलीच्या बाजूस सरकली, म्हणून या भागात माझे जाणे-येणे लहानपणापासून आहे. प्राण्यांविषयी इतर जाणकार लिहितीलच. मी वेळेविषयी लिहितो, कारण माझ्या मते वासोट्याला जाणाऱ्याने सर्वांत आधी घड्याळाला भ्यावे आणि मग गव्याला.

किल्ल्यावर जाण्याची रूढ वाट पाण्यावरून आहे. बामणोली, शेंबडी किंवा मुनावळे येथून लाँच घ्यावी लागते आणि शिवसागर जलाशयातून तास-सव्वा तासाने मेट इंदवलीला उतरावे लागते. वन विभागाची परवानगी काढून प्रवेश शुल्क भरावे लागते आणि पायथ्याच्या चौकीवर नोंद होते. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात, अनामत घेतली जाते आणि परतताना तितक्याच वस्तू दाखवल्यावर ती परत मिळते. त्यामुळे वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या पातळ बाटल्या सोलापुरातच ठेवून या आणि स्टीलच्या बाटल्या आणा. मोठी माणसे ओळखपत्र जवळ ठेवतील हे पाहा. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर वाट पुन्हा खुली होते, त्यामुळे तुमचा डिसेंबर योग्य आहे. तरीही व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात कामानिमित्त एखादा दिवस प्रवेश थांबवला जाऊ शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी लाँचवाल्यांना फोन करून खात्री करून घ्या.

आता गणित मांडू, आणि ते संध्याकाळकडून सकाळकडे मांडू. डिसेंबरमध्ये त्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण किल्ल्याच्या कुशीतल्या झाडीत पाच वाजताच अंधारून येते. लाँचने पाच वाजेपर्यंत बामणोलीला टेकायचे असेल, तर पायथ्याहून ती पावणेचारला सुटली पाहिजे. मुलांसह उतरायला दोन तास धरले आणि माणसे गोळा करण्यात जाणारी पंधरा मिनिटे धरली, तर गड सोडण्याची वेळ दीडची येते. चढायला अडीच तास आणि वर सव्वा तास धरला, तर पावणेदहाला चढाई सुरू झाली पाहिजे आणि त्यासाठी लाँच सकाळी आठलाच हलली पाहिजे. या हिशेबात शिल्लक राहतो तो जेमतेम एक तास. कोणाचा पाय मुरगळला तर तो त्यातूनच जातो. म्हणून आमच्याकडचे जुने वाटाडे गटाला एकच अट घालतात : दीड वाजता ज्याने जिथे असेल तिथून मागे फिरायचे, मग गड शंभर पावलांवर असला तरी.

अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही. त्यामुळे लाँच चुकली तर गडावरच राहू, हा पर्याय मनातही धरू नका.

सोलापूरहून रात्रीची गाडी काढून पहाटे थेट बामणोली गाठण्याचा बेत अनेक जण करतात. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव या मार्गाने सातारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे यवतेश्वरचा घाट, कास आणि बामणोली असा आणखी सव्वा तासाचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता आहे. रात्रभर जागून गाडी हाकलेल्या माणसाने त्याच दिवशी पाचशे मीटर चढावे आणि परत गाडी चालवत घरी यावे, हे मला वन्यप्राण्यांपेक्षा जास्त धोक्याचे वाटते. आदल्या दुपारपर्यंत साताऱ्यात किंवा बामणोलीत पोहोचा आणि गडाच्या दिवशीही रात्री तिथेच राहा. जलाशयाच्या काठी डिसेंबरात कडाक्याची थंडी असते, तेव्हा आपली सोलापुरी चादर गाडीत असू द्या.

वाटेविषयी थोडे. पायथ्याला ओढा आणि मारुतीचे ठिकाण आहे, आणि तिथून पुढे बराच वेळ दाट सावलीतून चढ आहे. पुढे एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडे जातो आणि दुसरा गडाकडे. या फाट्यावर मागच्यांसाठी थांबा, कारण गटाचे दोन तुकडे होऊन एक भलतीकडे जाण्याची शक्यता इथेच असते. वरच्या टप्प्यात कारवीची झुडपे आणि उघडी, उन्हात तापलेली वाट लागते. गडावर पाण्याचे टाके आहे, परंतु ते पाणी न गाळता, न उकळता पिऊ नये. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. बाबुकड्याच्या टोकाशी मुलांना हात धरून उभे करा आणि छायाचित्रासाठी कोणालाही मागे सरकायला सांगू नका. तिथून समोर जुना वासोटा दिसतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथूनच तोफा डागून किल्ला घेतला, हे ऐकून तरुण मुलांना तिकडे जाण्याची ऊर्मी येते. ती ऊर्मी जागीच थांबवा, कारण तिथे मळलेली वाट नाही, रान माजलेले आहे आणि त्या बाजूला भरकटलेल्या माणसाला शोधणे फार अवघड जाते.

जलाशयात पोहायला उतरू नका. ही बुडालेली दरी आहे, त्यामुळे काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि ते सीटखाली न ठेवता मुलांच्या अंगावर बांधा.

माळरान यांचे उत्तर

कोयनाकाठ यांचे वेळेचे गणित मला पूर्ण मान्य आहे, आणि प्राण्यांच्या बाजूने पाहिले तरी उत्तर तेच येते, हे पुढे स्पष्ट होईल.

नान्नजच्या गवताळ माळावर आपल्याला काळवीट अर्ध्या मैलावरून दिसते, त्यालाही आपण दिसतो, आणि मध्ये किती अंतर ठेवायचे हे तो ठरवतो. कोयनेच्या रानात हा सोयीचा करार नाही. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोयनानगरच्या परिसरात तो पाच हजारांच्या आसपास जातो, आणि त्या पावसावर वाढलेल्या कारवीच्या जाळीत दहा पावलांवर उभा असलेला गवा दिसत नाही. धोका होतो तो बहुतेक वेळा अचानक समोरासमोर येण्यामुळे. म्हणून सर्व सावधगिरीचा गाभा एवढाच आहे की प्राण्याला आपली चाहूल आधी लागली पाहिजे, आणि त्याला निघून जायला मोकळी वाट राहिली पाहिजे. साध्या आवाजात बोलत चालणे त्यासाठी पुरेसे असते. ओरडण्याची गरज नाही.

गवा दिवसाउजेडी दिसण्याची शक्यता इतर मोठ्या प्राण्यांपेक्षा अधिक. पूर्ण वाढलेला नर टनभर वजनाला पोहोचतो, पण स्वभावाने तो बुजरा असतो आणि कळप सहसा आपणहून झाडीत शिरतो. अडचण येते ती एकट्या नराची आणि वासरू असलेल्या मादीची. गवा थांबून रोखून पाहू लागला, फुत्कारला किंवा अंग आडवे करून उभा राहिला, तर तो तुम्हाला अंतर वाढवायला सांगत आहे, असे समजावे. छायाचित्राचा मोह सोडून, नजर ठेवून, सावकाश मागे सरकावे आणि जाड झाडाचा आडोसा घ्यावा. मादी आणि वासरू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. आणि दगड मारून हुसकावणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

अस्वलाविषयी मात्र मी गंभीरपणे लिहितो, कारण सह्याद्रीत माणसाला खरी इजा करू शकणाऱ्या प्राण्यांमध्ये मी त्याला बिबट्याच्या आधी धरतो. त्याची नजर अधू असते आणि वाळवी उकरताना किंवा मुळे खणताना ते इतके गढून जाते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग दचकून ते पळण्याऐवजी अंगावर येते. दिवसा ते कपारीत किंवा दाट जाळीत पडून असते आणि संध्याकाळी बाहेर पडते. म्हणून कड्याच्या कपारीत, गुहेत किंवा वाटेपासून दूर झुडपात कोणीही, अगदी लघवीसाठीही, एकटे जाऊ नये. दूर असतानाच दिसले तर गुपचूप मागे फिरावे. पळू नये, कारण ते आपल्यापेक्षा वेगाने धावते, आणि झाडावरही चढू नये, कारण ते आपल्यापेक्षा चांगले चढते. हल्ला झालाच तर पालथे पडून मान आणि डोके हातांनी झाकावे आणि पाठीवरची सॅक तशीच राहू द्यावी.

बिबट्या दिसलाच तर मुलांना ताबडतोब उचलून घ्यावे किंवा मोठ्यांच्या मध्ये घ्यावे. उचलताना वाकून बसू नये, कारण खाली बसलेली आकृती त्याला लहान सावजासारखी वाटू शकते. त्याच्याकडे पाठ न करता, हात वर करून, मोठ्याने बोलत मागे सरकावे. रानकुत्र्यांचा कळप दिसला तर नशीब समजावे. ती माणसाच्या वाटेला जात नाहीत. वाघांचा वावर या प्रकल्पात आहे, पण एका दिवसाच्या पर्यटकाला वाघ दिसण्याची आशा किंवा भीती, दोन्ही व्यर्थ आहेत. तुम्हाला बहुधा दिसेल ते शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, आणि ऐकू येईल ते भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे.

आता वेळेच्या मुद्द्याकडे. गवा, अस्वल, बिबट्या हे सगळे सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात वाटांवर अधिक येतात, कारण मळलेली वाट त्यांनाही सोयीची असते. दहा ते साडेतीन या वेळात त्या वाटेवर माणसांची वर्दळ असते आणि प्राणी बाजूला राहतात. म्हणजे जो गट दीडला मागे फिरतो, तो प्राण्यांच्या वेळेत रानात नसतोच. तुमच्या नातेवाइकांचे दोन्ही सल्ले यातूनच आलेले असावेत. एकाने दुपारचा वासोटा पाहिला आहे आणि दुसऱ्याने संध्याकाळच्या वासोट्याविषयी ऐकले आहे.

आग्या मोहोळाचा मुद्दा राहिला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या कड्यांवर ही पोळी असतात आणि गडावर जाणाऱ्या माणसाला अस्वलापेक्षा त्यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. धूर, उग्र अत्तर, दगड आणि गोंगाट यांनी त्या उठतात. त्या दिवशी अंगाला सुगंधी फवारे मारू नका. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि डोके कापडाने झाकून, कड्याची बाजू टाळून, शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून दूर जा. अशा वेळी कड्याच्या काठाशी उभे असलेले माणूस घाबरून पाऊल चुकते, हाही एक धोका आहे.

पार्कचौक यांचा प्रतिसाद

एवढी भीती घालण्याचे कारण समजले नाही. आम्ही मित्रमंडळी मागच्या हंगामात जाऊन आलो. सोबत मोठा स्पीकर होता, गाणी लावून चढलो, आवाजाने एकही प्राणी जवळ आला नाही. वरचे साहेबच म्हणतात की चाहूल लागली पाहिजे. मग गाण्यांइतकी चांगली चाहूल दुसरी कोणती? मुलांना खुशाल न्या, मजा येईल.

माळरान यांचे उत्तर

मुलांना न्यावे, याबाबत आपले एकमत आहे. स्पीकरबाबत नाही. बोलण्याचा आवाज प्राण्याला माणूस कुठे आहे आणि कोणत्या दिशेने सरकतो आहे हे सांगतो. सगळ्या दरीत घुमणारा आवाज ते सांगत नाही. उलट तुम्हालाच पुढची फुत्काराची किंवा पाचोळ्याची सूचना ऐकू येत नाही. माकडांची आणि भेकराची धोक्याची हाक ही या रानातली सर्वांत उपयोगी माहिती असते, आणि तीच त्या गोंगाटात हरवते. कड्यावरची पोळी हा वेगळा मुद्दा आहेच.

शिवाय हा आवडीनिवडीचा विषय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांस मनाई आहे, कलम ३० आग लावण्याविषयी आहे आणि कलम ३१ शस्त्र घेऊन प्रवेश करण्याविषयी. आगीचे कलम मी मुद्दाम लिहिले, कारण डिसेंबरपासून वरचे गवत वाळू लागते आणि विझवली असे वाटलेल्या विडीने किंवा चहाच्या चुलीने वणवा पेटायला वेळ लागत नाही. स्वयंपाक गडावर करू नका. आपली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दशम्या कापडात बांधून न्या. तो शिधा हलका आहे, दिवसभर टिकतो आणि त्याचा कचरा होत नाही. फक्त खाताना माकडांवर लक्ष ठेवा आणि त्यांना एक घासही देऊ नका, कारण आज दिलेल्या घासासाठी ते उद्याच्या गटातील मुलाच्या हातावर झडप घालतात.

रेल्वेलाइन्स यांचे उत्तर

मी सोलापुरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते आणि डोंगरावर जाणाऱ्या गटांना सल्ला देण्याची वेळ अनेकदा येते. वरची चर्चा वाचून काही वैद्यकीय बाजू लिहीत आहे.

पहिली गोष्ट अंतराची. गडावर एखाद्याला काही झाले, तर त्याला खाली आणायला दीड-दोन तास, लाँचला तास-सव्वा तास आणि पुढे साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत रस्त्याने आणखी सव्वा-दीड तास, असे पावणेचार ते पावणेपाच तास सहज जातात. रानात मोबाइलला नेटवर्क मिळण्याची खात्री धरू नये, त्यामुळे १०८ ची रुग्णवाहिका बामणोलीला बोलवायची तरी कोणीतरी खाली उतरून निरोप द्यावा लागतो. म्हणून तिथे उपचारांपेक्षा खबरदारीला जास्त महत्त्व आहे. तुमचा पूर्ण बेत, लाँचवाल्याचे नाव आणि परतण्याची वेळ सोलापुरातील एका जबाबदार माणसाकडे लिहून ठेवा.

सर्पदंशाविषयी आपल्याकडे अजूनही चुकीच्या समजुती घट्ट आहेत. दंशाच्या वर दोरीने करकचून बांधणे, चिरा देणे, चोखणे, हळद-चुना लावणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या, बांगड्या, बूट काढावेत, कारण सूज येते. हाड मोडल्यावर जसा आधार देतो तसा दंश झालेला हात किंवा पाय फळीने किंवा काठीने स्थिर करावा, रुग्णाला चालू देऊ नये, झोळीतून किंवा पाठीवर खाली आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. सह्याद्रीच्या झाडीत आढळणारा हिरवा चापडा या चारांत येत नाही. त्याच्या दंशाने वेदना आणि सूज बरीच येते, पण मृत्यू क्वचितच होतो. तेव्हा लांबून सापाचे छायाचित्र सहज मिळाले तर ते डॉक्टरांना उपयोगी पडते, मात्र त्यासाठी सापाचा पाठलाग करू नये. प्रतिबंध सोपा आहे : घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण लांबीची पँट, आणि दगडावर बसण्यापूर्वी किंवा फांदीला हात लावण्यापूर्वी नजर टाकणे. चापडा फांदीवर पानासारखा पडून असतो. मुलांना ही गोष्ट निघण्याआधीच चित्र दाखवून सांगा.

मधमाशी चावल्यास काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावा, कारण तो जितका वेळ राहील तितके विष आत जाते. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, आवाज बसणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, तर ते साधे चावणे समजू नये आणि तिथूनच उतरायला लागावे. आधी कधी अशी प्रतिक्रिया आलेली व्यक्ती गटात असेल, तर तिने आपल्या डॉक्टरांकडून औषधे लिहून घेतल्याशिवाय येऊ नये. दम्याचा त्रास असणाऱ्याने पंप गाडीत न ठेवता खिशात ठेवावा.

आता आपल्या सासूबाईंविषयी. तुळजापूरपर्यंत चालणे ही खरोखर मोठी क्षमता आहे आणि मी त्यांचे मनापासून कौतुक करते. परंतु तो रस्ता डांबरी आणि बराचसा सपाट आहे. वाटेत ठिकठिकाणी चहा-फराळ मिळतो, आणि थकवा आला तर रिक्षा किंवा एसटी समोर उभी असते. वासोट्याची वाट सलग पाचशे मीटर उंची चढते आणि तितकीच उतरते. उतारावर गुडघ्यांवर येणारा भार सपाट चालण्यात कळत नाही. मधुमेही माणसाची साखर दीर्घ चढात अचानक खाली येऊ शकते, विशेषतः इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या सुरू असतील तर. घाम, हातांना कंप, चिडचिड आणि असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि गटातील इतर जण ती थकव्याची समजून सोडून देतात. म्हणून माझा थेट नकार नाही, पण दोन अटी आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून त्या दिवसाच्या औषधाची मात्रा ठरवून घ्या, आणि निघण्यापूर्वी त्यांना एखाद्या खऱ्या चढावर, सिंहगडाच्या पायवाटेने, एकदा चढवून-उतरवून पाहा. जमले तर न्या. तिथेही ग्लुकोजची पूड, ओआरएस आणि साखर तपासण्याचे यंत्र त्यांच्याच पिशवीत असावे, पाठीमागे राहिलेल्या कोणाच्या सॅकमध्ये नाही.

नवे बूट घेऊन थेट गडावर जाऊ नका. डोंगरावरून आलेल्या माणसांच्या तक्रारींत पायाचे फोड सर्वांत जास्त असतात.

होटगीरोड यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सर्व कुटुंबे एकत्र बसून ही उत्तरे मोठ्याने वाचली. रात्रीचा प्रवास रद्द केला आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत साताऱ्याला पोहोचून तिथे मुक्काम, दुसऱ्या पहाटे बामणोली आणि गडावरून उतरल्यावर बामणोलीतच राहणे असे ठरले आहे. सासूबाईंनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण सिंहगडाची परीक्षा त्यांना अपमानास्पद वाटली. त्यामुळे त्यांनी स्वतःच जाहीर केले की त्या लाँचने पायथ्यापर्यंत येतील आणि आम्ही परत येईपर्यंत तिथे मारुतीजवळ बसतील. हे योग्य होईल का? तसेच मुलांपैकी सर्वांत लहान दोघांचा वेग कमी पडला तर संपूर्ण गटाने थांबावे की गट विभागावा?

कोयनाकाठ यांचे उत्तर

पायथ्याला बसण्याची कल्पना ऐकायला बरी वाटते, परंतु पाच-सहा तास एकट्या ज्येष्ठ बाईंनी रानाच्या तोंडाशी बसून राहावे, हे मला पटत नाही. चौकीवर माणसे असतात, तरी त्यांना त्यांची कामे असतात. त्याऐवजी त्यांच्यासोबत तुमच्यापैकी एकाने बामणोलीतच थांबावे आणि दुपारी तिथल्या तिथे लाँचने जलाशयात तासभर फिरवून आणावे. गडाइतकाच देखणा देखावा पाण्यावरूनही मिळतो. येताना त्यांना कासचे पठारही दाखवता येईल, मात्र डिसेंबरात फुलांची अपेक्षा ठेवू नका. तो बहर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा असतो.

गट विभागण्याविषयी : विभागायचाच असेल तर तो पायथ्यालाच, ठरवून विभागा, अर्ध्या चढावर परिस्थिती पाहून नव्हे. प्रत्येक तुकडीत वाट माहीत असलेला एक माणूस, दोन मोठी माणसे, पाणी आणि शिटी असावी. स्थानिक वाटाड्या एकच मिळाला तर तो लहान मुलांच्या तुकडीला द्या. सर्वांत पुढे चालणाऱ्याने मागचा दिसेनासा होताच थांबायचे आणि सर्वांत मागे एक ठरलेला मोठा माणूस राहील, ज्याच्या मागे कोणीही राहणार नाही. लहान मुले मध्यावर थकली, तर त्यांची तुकडी नागेश्वरच्या फाट्यापासून खाली येऊन ओढ्याकाठी, चौकीच्या नजरेत थांबेल, हेही आधीच ठरवून ठेवा. म्हणजे वरच्या मंडळींना त्यांना शोधत बसावे लागणार नाही.

रेल्वेलाइन्स यांचे उत्तर

सासूबाईंसोबत थांबणाऱ्याकडे गाडीची किल्ली आणि गटातील सर्वांच्या औषधांची व आजारांची यादी ठेवा. गडावरून निरोप आलाच तर लाँच टेकण्यापूर्वी रुग्णवाहिका बोलावणे आणि साताऱ्याला कळवणे हे काम तीच व्यक्ती करू शकेल. इन्सुलिन असल्यास ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत न ठेवता खोलीतच सावलीत ठेवावे.